गजाचे तीन केस

इटलीतल्या ब्रेशा शहरात, व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या ताल्यानींच्या दुकानात मी बाबांचं व्हायोलिन पेटीसकट मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या आधी आलेले म्हातारे बहीणभाऊ गजाला घोड्याचे नवे केस लावून घ्यायला थांबले होते. तो व्हायोलिन वाजवणारा, ती पियानो.

“रविवारच्या कार्यक्रमात मी पियानोला बसणार नाही, एर्सिलियो.”

“नोरिना! आपल्या गावच्या बाझिनीने रचलेलं संगीत वाजवायचं आणि तू घरी?”

“आधी सांग, गजाचे केस तुटतात कसे?”

“जीव तोडून वाजवलं की तुटतात.”

“खोटारड्या! तू आदल्या दिवशी कात्रीने अर्धवट कापून ठेवतोस. सापडली मला कात्री.”

“लोकांना आवडतं गं. केस लोंबायला लागले की बायका उसासे टाकतात.”

“मागच्या वेळी एक माझ्या तोंडात गेला! चाळीस वर्षं मी नुसती ढँग ढँग करतेय, आणि वर केस खाऊ?”

“तुझ्या ढँगशिवाय मी कोसळेन.”

“मग शपथ घे. रविवारी कात्री नाही.”

“एकही केस नाही?”

“एकही नाही.”

एवढ्यात ताल्यानींनी माझी पेटी उघडून बाबांचा गज उजेडात धरला.

“गंमतच आहे. हे केस तुटलेले नाहीत, कात्रीने कापलेत.”

दोघंही वळले.

“कुणाचा गं हा?” नोरिनाने विचारलं.

“बाबांचा. मार्चमध्ये गेले.”

एर्सिलियोने टोपी काढली. “केस तुटले की लोक उठून उभे राहायचे?”

“दर वेळी. मी तर घाबरून डोळे मिटायचे.”

नोरिनाने त्या कापलेल्या केसांवरून बोट फिरवलं.

“तीन,” ती भावाला म्हणाली. “तीनच कापायचे. आणि माझ्या बाजूचे नाहीत.”