टीव्हीतल्या भावकीचं सुतक

...आन् मटण न्हाई! ऐकताय न्हवं? गावची जत्रा तोंडावर आल्याली, मेव्हणा आकाराम जत्रेसाठनं कोइमतूरचं सोनं-चांदी गाळायचं गलाईचं दुकान बंद ठिवून इट्याला आल्याला, कोरेगावचं साडू येणार, वरीसभर वाट बघितल्यालं बकरं दारात... आन् आमची मंगल म्हणती, यंदा मटण न्हाई. का? तर घरात सुतक हाय. आता घरात माणसं दोन, मी आन् ती, दोघं बी जित्ती. मग गेलं कोण? तर वीरधवल. कोण वीरधवल? आवं, टीव्हीतला!

तुमास्नी सांगतो, सगळी करणी आमच्या लेकीची, अंकिताची. पुण्यात नोकरीला असती. दिवाळीला आली, टीव्हीला कायतरी जोडून दिलं आन् म्हणली, "पप्पा, ते सासू-सुनांचं नका बघत जाऊ. ही बघा, नावाजलेली मालिका आहे." बसलो बघत. एक म्हातारा, बापू घार्गे म्हणून, ओसरीवर खुर्ची टाकून च्या पितोय. पितोय... पितोय... मी जाऊन म्हैस पिळून आलो तरी ह्यो आपला पितोयच! ना बोलणं, ना भांडण, ना मागं कायतरी ढॅण् ढॅण् वाजणं. मला वाटलं टीव्ही अडकला, म्हणून उठून त्येला दोन थापा हाणल्या, तर मंगल खेकसली, गप बसा की, नावाजलेली हाय!

आन् काळोख किती? घरात चांगली खाती-पिती माणसं, पर एकजण दिवा लावंल तर शपथ. सून रुसली तर खिडकीतनं भाईर बघत बसती, बास, येवढंच रुसणं. आमची मंगल रुसली तर चार घरांतली भांडी वाजत्यात! पर काय बोलायची सोय न्हाई. नावाजलेली हाय.

तर ह्या बापूचा ल्योक वीरधवल, मिल्ट्रीत. त्यो कामी आला. मी बी पलटणीत नोकरी केल्याली, हात आपसूक सलामीला गेला, न्हाई म्हणत न्हाई. पर मंगल उठली ती थेट सैपाकघरात, भज्याची कढई खाली उतरली, गॅस बंद. म्हणलं, काय झालं? म्हणली, "वीरधवल घार्गे. आन् आपण कोण?" म्हणलं, घार्गेच की. "मग? भावकीच न्हवं?"

आवं, खरी भावकी शेजारी ऱ्हाती, बांधावरनं वाद झाला तवापास्नं त्यांच्यात कोण शिंकलं तरी आमी तिकडं बघत न्हाई, आन् टीव्हीतल्या भावकीचं धा दिवस पाळायचं? बरं, सुतक हाय तर टीव्ही तरी बंद ठिवावा का न्हाई? तर म्हणती, असल्या येळंला त्या म्हाताऱ्याला एकटं सोडायचं व्हय? म्हणून पुन्ना बापू, पुन्ना ओसरी, पुन्ना च्या. फकस्त आता दोन कप. एक सोताला, एक मोकळ्या खुर्चीम्होरं, गेलेल्या लेकाचा.

शेवटी गेलो हरणाकाकूकडं. माझी थोरली चुलती, गावातलं सोयर-सुतक सगळं तिला इचारून. म्हणलं ही तरी हसंल. तर ती डोळं पुसतच भाईर आली. ती बी बघत हुती! म्हणली, लय गुणाचं पोरगं हुतं रं. म्हणलं, काकू, आवं नाटक हाय त्ये! "व्हय रं, पर देवाला निवद दावायचा, इषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

आलो परत. पर फौजी माणूस गड्यांनो, माघार ठाऊक न्हाई. अंकिताला फोन लावला, ही मालिका निघाली कवा? म्हणली, "अहो पप्पा, झाली की दोन वर्षं." झालं! तसाच काकूच्या दारात. म्हणलं, काकू, मी सरहद्दीवर हुतो तवा भावकीतलं आण्णा गेल्याचं मला वरसानं कळलं, तवा तुमीच काय म्हणला हुता? वरीस उलटून कळलं तर नुसती डोक्यावरनं आंघोळ! ह्येला तर दोन वरसं झाली. काकूनं बोटांवर वरसं मोजली, आन् म्हणली, "तसं असंल तर घ्या आंघोळ आन् लावा बकऱ्याला सुरी."

घेतली आंघोळ! मंगलनं बी घेतली. निवद दावला, पाव्हणं आलं, चुलीवर पातेलं चढलं, वास असा सुटला की बांधापल्याडची भावकी बी दारात येऊन उभी ऱ्हायली. मटण शिजायला येळ हुता, म्हणलं तवर शेवटचा भाग बघून घ्यावा. तसं मला त्या मालिकेचं काय न्हाई...

ओसरी. खुर्ची. दोन कप, वाफ निघतीया. बापू न्हाई. म्हणलं येईल, काठी शोधत असंल. वाफ थांबली. च्या निवला. तरी बापू येईना. आन् त्यो कॅमेरा बी तिथनं हलंना! म्हणलं, हलव की रं आता, किती बघायचं... पर न्हाई हलला. नावाजलेली हाय न्हवं!

पंगत बसली. आकाराम नळी फोडत म्हणतोय, "दाजी, रस्सा वरपा की!" मी मोडल्याला घास तसाच ताटात ठिवला. मंगल वाढता वाढता कानापाशी वाकली, म्हणली, "तुमीच काढलाय न्हवं नेम? बापूला जाऊन बी दोन वरसं झाली. जावा, आंघोळ करून या."

गेलो. केली. डोक्यावरनं, गार पाण्यानं. भाईर येतोय तर पाव्हण्यांनी पातेलं पुसून ठिवल्यालं. मंगल म्हणली, आता काय देऊ तुमास्नी?

म्हणलं, च्या ठिव. दोन कप.