त्रिविक्रमाचा घसा

...नाही हो, घसा ठणठणीत! तेच तर केव्हाचा सांगतोय, घशात काहीसुद्धा नव्हतं! डॉक्टरांनी चमचा घालून बघितलं, बॅटरी मारून बघितलं, "आ करा" म्हणाले तर या गृहस्थानं असा आ केला की बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. आणि हाच आमचा त्रिविक्रम, माझा सख्खा मावसभाऊ, शेअरबाजारात उभा राहिला की तोंडातून आवाज कसला येतोय... नुसती वाफ!

तुम्हाला वाटत असेल, शेअरचा धंदा म्हणजे लोडाला टेकून कागदावर सह्या करायच्या. छे! तुम्हाला सांगतो, चीनची लढाई नुकती संपलेली, बेंगळूरचा बाजार अजून नवाच, आणि तिथे हॉलच्या मधोमध एक लाकडी कठडा, कठड्याच्या आत सगळ्या दलालांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी, आणि घंटा झाली रे झाली की जो तो बेंबीच्या देठापासून ओरडतोय. कुणी कन्नडमध्ये, कुणी गुजरातीत, कुणी इंग्रजीत. ज्याचं ऐकू आलं त्याचा सौदा. आणि गोंगाटात नाहीच ऐकू आलं, तर हातानं सांगायचं. तळवा आपल्याकडे वळवला की 'घेतो', समोरच्याकडे केला की 'विकतो'. झालं!

आता त्रिविक्रम मूळचा निपाणीचा, डोकं तल्लख. दलाल हयवदनरावांच्या पेढीवर टेबलाशी बसून भाव असे बरोबर सांगायचा की राव एक दिवस म्हणाले, "उद्यापासून आत उभे राहा." झाली ना पंचाईत! कठड्याच्या आत पाऊल टाकलं की याची जीभ टाळूला, शर्ट पाठीला, आणि डोक्यात चक्र... चुकीचा भाव ओरडलो तर? उशिरा ओरडलो तर? लवकर ओरडलो आणि भाव पुढे गेला तर? आणि हे सगळं ठरेपर्यंत सौदा शेजारच्यानं मारलेला असायचा!

घरी त्याची बायको हेमलता. तिला हा काय सांगणार? 'मला भीती वाटते' असं नवऱ्यानं म्हणायची पद्धत आहे काय हो? म्हणाला, "घसा बसतो." झालं! ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, मिरी घातलेला काढा... अहो, घसा ठणठणीत! शेवटी तिनंच डोकं चालवलं. सकाळी याला गच्चीवर नेलं, स्वतः दोरीवर कपडे वाळत घालत उभी राहिली आणि म्हणाली, "मी बाजार. ओरडा." हा ओरडला, "विकले! विकले! शंभर विकले!" काय आवाज! बाळेपेटेतली कबुतरं उडाली. शेजारच्या गच्चीवरून अंबुबाईंनी मान काढली, "अय्यो, हेमलताअक्का, एनायितु? काय झालं? यजमान काय विकतायत? स्टीलचे डबे असतील तर स्वल्प आमच्यासाठी ठेवा हं!"

गच्चीवर सिंह हो. बाजारात वाफ.

आणि मग तो दिवस आला. पेढीवर सोयराबाई आल्या. बसवनगुडीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका, मागेपुढे कुणी नाही, आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेल्या. आता स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या म्हणून जवळचे गिरणीचे शेअर विकायला काढलेले. छत्री टेकवत याच्या टेबलाशी आल्या. "त्रिविक्रम, आजच विका हं. गवंडी ठरलाय." हा म्हणाला, "सरी, बाई, विकतो." म्हणायला काय जातंय!

आत गेला तर गिरणीचा भाव घसरतोय. जो तो विकतोय. यानं तोंड उघडलं... वाफ. पुन्हा उघडलं... वाफ. मग म्हटलं, हातानं तरी सांगू. हात वर केला, पण छातीत असं धडधडत होतं, असं धडधडत होतं, की तो हात आपसूक छातीकडे वळला. तळवा कुठे? स्वतःकडे! म्हणजे काय? 'घेतो'! पडत्या बाजारात घेणारा भेटला म्हटल्यावर लोक सोडतात काय? "दिले!" "कोट्टे!" "आप्या!" तीन बाजूंनी तिघांनी गळ्यात मारले. विकायला गेलेला माणूस तेवढेच विकत घेऊन बसला!

बाहेर पायरीवर येऊन बसला तो. डोळ्यांपुढे सोयराबाईंची छत्री. मनात म्हणाला, संपलं, निपाणीला परत जायचं, तंबाखूच्या वखारीत मोजमाप करायचं, तिथे कुणी ओरडायला सांगत नाही.

तेवढ्यात हयवदनराव आले. बाजारात त्यांचा दरारा केवढा! एक आरोळी दिली की अख्खा हॉल माना वळवायचा. हा उठून उभा राहिला. "रायरे, चूक झाली. मला... मला तिथे भीती वाटते." पहिल्यांदा बोलला हो तो हे, आयुष्यात पहिल्यांदा!

रावांनी नुसता आपला हात त्याच्या हातात दिला. गार! बर्फासारखा गार आणि ओलाचिंब.

"मलाही वाटते," ते म्हणाले. "रोज. सकाळी इडली उतरत नाही घशाखाली. भीती जाईल मग आत जाऊ, म्हणून थांबलो असतो ना, तर अजून याच पायरीवर बसलेला दिसलो असतो. ती येणार. येऊ द्या. तिला घेऊनच आत जायचं. चला, बाजार अजून उघडा आहे, दुप्पट विकायचेत."

गेला. भीतीला घेऊनच गेला. कठडा धरला, तोंड उघडलं, आणि आवाज फुटला... पण कसा? कोंबड्याचा! "विकलेऽऽ!" असा मधेच चिरकला की सगळा हॉल हसायला लागला. पण हसायला तरी बघावं लागतं ना? सगळ्यांनी बघितलं! हा पुन्हा चिरकला, तळवा समोर धरून चिरकला, आणि पलीकडचा एक जाडा शेठ डोळे पुसत म्हणाला, "लीधा!" मग आणखी एकानं घेतले. सगळे गेले. भाव थोडा कमी आला, चुकलेल्या सौद्याची खोट रावांनी निम्मी सोसली, निम्मी याच्या पगारातून कापली. कापणारच!

संध्याकाळी स्वतः बसवनगुडीला गेला, सोयराबाईंना सगळं सांगितलं, हात कसा वळला तेसुद्धा. त्यांनी कॉफीचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "वर्गात शिरताना माझे हात थरथरायचे. म्हणून पाठीमागे बांधून उभी राहायची मी. मुलींना वाटायचं, बाई फार कडक." आणि याला कॉफी दिली.

मग काय, भीती गेली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? कुठली जातेय! अजून रोज वाटते. फरक एवढाच की घरी आता काढा होत नाही. सकाळी हा चपला घालतो, हेमलता दारात येऊन विचारते, "वाटतेय का?"

"वाटतेय."

"बरं. येताना कोथिंबीर आणा."