फोननं कुठं सांगितलं?

काल आमचा पोरगा अंगणात घामाघूम उभा राहून मोबाइलात पाहून राहिला होता, की ऊन किती आहे! नेट गेलं तर म्हणे, "आता कसं समजणार?" तुम्ही हसा, मी नाही हसलो. मला आमचे बाबा आठवले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ताई बाळंतपणासाठी नागपूरच्या दवाखान्यात. बाबांनी आमच्या गावी, सौंसरात, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या दुकानातून सकाळीच ट्रंक कॉल बुक केला, नागपूरला व्याह्यांच्या घरी. दुपार टळली तरी लाइन लागेना. बाबा फोनजवळून हलेनात, जेवायलाही नाही.

शेवटी जावईच बसनं आले, पेढे घेऊन. "मामाजी, मुलगी झाली. दोघी मजेत आहेत."

बाबांनी मान हलवली, पेढा तोंडात टाकला. तेवढ्यात फोन खणाणला. नागपूर लागलं!

"हॅलो, व्याहीबुवा! काय झालं जी? ... मुलगी? दोघी बऱ्या आहेत ना?" आणि बाबा ढसाढसा रडायलाच लागले.

जावई हिरमुसले. "मामाजी, मी हेच तर सांगितलं आत्ता!"

बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवला, डोळे पुसले. "तुमी सांगतलं जावईबापू. पण फोननं कुठं सांगतलं होतं?"