सूर्य व्हरांड्यात उगवतो

...तर पहिल्यांदा खटकलं ते ऊन! प्रार्थना आटोपून तिसरीच्या वर्गात शिरले, आणि भिंतीवर नव्याने रंगवलेल्या 'पश्चिम' या अक्षरांखालच्या खिडकीतून चांगलं कोवळं, लख्ख ऊन आत येत होतं. सकाळी! मी दचकलेच. तशी मी दचकतेच हो, खडू मोडला तरी दचकते, शाळेची घंटा रोज ठरल्या वेळी होते आणि रोज न चुकता मी दचकते... पण सूर्याला पाहून दचकायची ही पहिलीच वेळ.

थांबा हं, कुणीतरी फोन उचलला वाटतं... नाही, ती टेप केलेली बाई आहे. 'कृपया प्रतीक्षा करा.' करते गं बाई, करते! तुम्ही दाखल्यासाठी बाकावर बसलाच आहात, तर ऐका. मोठ्या बाई फेरीवर गेल्यात तोवर बोलून घेते.

सुट्टीत शाळेला रंग दिला. छानच झालं. मोठ्या बाईंनी रंगाऱ्याला सांगितलं, "प्रत्येक वर्गात चार दिशा लिहा, मुलांना भूगोल सोपा जाईल, आणि सगळीकडे कसं एकसारखं दिसलं पाहिजे हं!" दिसतंय ना एकसारखं! फळ्यावर उत्तर, उजव्या हाताला पूर्व, डाव्या हाताला पश्चिम, पाठीमागे दक्षिण. नकाशात असतं तस्संच. आता तिसरी व्हरांड्याच्या या बाजूला, चौथी समोरच्या बाजूला, आणि दोन्ही वर्गांत मुलं बसतात ती व्हरांडा उजव्या हाताला ठेवून. मग काय झालं? तिसरीची पूर्व व्हरांड्यात, चौथीचीही पूर्व व्हरांड्यात! आणि व्हरांड्यात मधोमध पाण्याचं पिंप. मी विचारलं, "मुलांनो, सूर्य कुठे उगवतो?" अख्खा वर्ग एका सुरात, "पिंपापाशी, बाई!"

आता सूर्य काय मी हलवलाय?

चौथीचं बरोबर आलंय बरं का. म्हणजे कावळा बसावा आणि फांदी मोडावी, तसं बरोबर. आमच्या वर्गात एक दोन वेण्यांची चिमणी आहे, ती विचारते, "बाई, आपण चौथीत गेलो की सूर्य फिरतो का?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरचा पैलवान, "फिरणारच ना! चौथीच्या बाई मारतात."

मी गेले गणिताच्या सरांकडे. त्यांनी चष्मासुद्धा वर केला नाही. "दिशा किती? चार. भिंती किती? चार. जमलं की हिशेब!" शिपाईमामांना म्हटलं, मामा, हे पुसता येईल का? "ऑइलपेंट आहे, बाई. तुम्ही रिटायर व्हाल, पण पश्चिम जागची हलायची नाही." घरी आईला सांगितलं, तर आई म्हणते, "उगवतोय ना रोज? मग तुला कशाला नसती उठाठेव?"

मी गप्प बसले होते हो! खरंच बसले होते. नोकरी कायम व्हायचीय, कशाला तोंड उघडा... पण मग चाचणी झाली. प्रश्न होता, 'तुमच्या वर्गाची खिडकी कोणत्या दिशेला आहे?' पेपर तपासले मोठ्या बाईंनी, भिंतीकडे बघून. सगळ्यांनी भिंतीवरचं उतरवलं, सगळ्यांना गुण. एकट्या चिमणीने लिहिलं 'पूर्व', आणि त्यावर ही एवढी लाल फुली! पेपर घेऊन माझ्यापाशी आली, रडत नव्हती, नुसती बघत होती. "बाई, ऊन चुकलं का?"

सांगा, काय उत्तर द्यायचं? नाही, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना मैदानात नेलं, सूर्याकडे तोंड करून हात पसरायला लावले, डावा हात उत्तर, उजवा दक्षिण, पाठीवर पश्चिम. तसेच हात पसरून वर्गात आणलं. दारात दोघं अडकले, पैलवानाच्या हाताने नकाशा खाली आला, पण आत आल्या आल्या पोरं ओरडली, "बाई, भिंत चुकली!" मग खुर्चीवर चढून चारही दिशांवर मी वर्तमानपत्रं चिकटवली. खुर्ची डुगडुगत होती, पण चिकटवली!

आल्याच मोठ्या बाई. "उद्या अधिकारी तपासणीला येतायत आणि तुम्ही भिंतीला रद्दी लावलीत? मुलं परीक्षा वर्गात बसूनच देतात ना? भिंत बघतील, लिहितील. सोय आहे ती! काढा ते कागद. नाहीतर तिसरी दुसऱ्या कुणाला देते, तुम्ही बसा सामानाच्या खोलीत नकाशे गुंडाळत."

आणि मी म्हटलं, "नाही काढणार." मीच दचकले! कोण बोललं म्हणून मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. मग म्हटलं बोललोच आहोत तर पुरतं बोलू. "बाई, आधी चिमणीचा गुण द्या, मग कागदाचं बघू. सूर्य काय मी हलवलाय?"

त्या हसल्या. अगदी गोड हसल्या. "बरं, विचारा वरच्या ऑफिसला. शाळा सुटायच्या आत तिथल्या कुणीही नुसतं तोंडी सांगू दे की तिसरीच्या भिंती चुकल्यात. आजच रंगारी बोलावते, आणि गुणही देते." हसणारच ना! त्या ऑफिसात फोन कुणी उचलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक!

पण मी ठेवणार नाही. कान भाजून निघालाय, हाताला मुंग्या आल्यात, ठेवणार नाही! द्या तिसरी कुणालाही, मी व्हरांड्यातून ओरडून सांगेन, पिंपावर चढून सांगेन की...

आई गं! घंटा! ...सुटली शाळा. त्या बघा, आल्याच दारात, घड्याळ दाखवतायत मला...

हॅलो? हॅलो! उचलला! बाई, उचलला! हॅलो, साहेब, ठेवू नका, पाया पडते! मी शाळेतून बोलतेय, आमच्या तिसरीच्या वर्गात दिशा... काय? हो, हो, सांगते ना, सगळं सांगते... आधी काय सांगू? आमची शाळा तुमच्या पूर्व विभागात येते की पश्चिम, ते?

...साहेब, तुमच्या ऑफिसला रंग कुणी दिलाय हो?