ईशान्य कोपऱ्यातला हीटर

मी मूळचा तासगावकडचा. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आणि आयटीआय झाल्यावर मलाही तिथंच पाइप फिटर म्हणून चिकटवलं, म्हणजे बघा, आमच्या घराण्याचा उष्णतेशी संबंध पहिल्यापासूनचा, फक्त तिकडं ती नको नको व्हायची आणि इकडं लोक तिच्यासाठी पैसे मोजतात. माझी बायको वैशाली नर्स, ती जर्मन शिकली, परीक्षा दिल्या, ड्रेस्डेनच्या हॉस्पिटलात लागली आणि तिच्या मागनं मी आलो. सासरे मला विचारायचे, जावईबापू, तुम्ही तिकडं करणार काय? मी म्हणायचो, बघू की. आठ महिने पोराला शाळेत सोडणं, भाकरी करणं आणि जर्मनच्या वर्गाला जाणं एवढंच केलं, भाकरी तेवढी गोल यायला लागली.

मग हेर लेमानांच्या फर्ममध्ये लागलो. भिंतीवरचे गरम पाण्याचे हीटर बसवायचे, दुरुस्त करायचे, त्यातली हवा काढायची, हे काम. लेमान म्हणजे आमचे मालक, साठीचे, मिशीवाले, पक्के सॅक्सन. इकडं लोक 'हो'ला 'नू' म्हणतात, मला वाटायचं हा माणूस सारखं काहीतरी नाकारतोय, आणि तो बिचारा होच म्हणत असायचा. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे ते तुम्हाला पारखून घेणार, पटलं नाही तर दोन आठवड्यांत घरी. माझा पाचवा महिना चालू होता तेव्हाची ही गोष्ट. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी आपला कामाचा माणूस.

आधी आपल्या लोकांचं सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचं कळेल. हीटरच्या नॉबवर एक ते पाच आकडे असतात. आपली माणसं बाहेरून गारठून आली की पाचावर फिरवतात, की खोली लवकर तापेल. अहो, तो काय गॅसचा बर्नर आहे? तीन म्हणजे साधारण वीस डिग्री, तेवढं झालं की तो आपणहून थांबतो, पाचावर ठेवलं तर थांबतच नाही, आणि मग फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी दिवसभर तिरकी उघडी. वर्षानं घरमालकाकडनं नेबनकोस्टनचा हिशोब येतो, हीटिंग, पाणीबिणी सगळं त्यात, की लगेच मला फोन, सुनीलभाऊ, मीटर खराब आहे हो. मीटर कशाला खराब असेल. मोटारींची इंजिनं बनवणारे लोक आहेत हे, पण नॉब कळत नाही. मी कुणाला हसत नाही, पहिल्या थंडीत मीही पाचावरच ठेवला होता, वैशाली अजून तो विषय काढते.

तर जानेवारीत एका घराची तक्रार आली. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली तापतच नाही. मी आणि आमचा जुना कारागीर टोर्स्टन गेलो, तर दारावर नाव मराठी. मला इतका आनंद झाला, मी बेल दोनदा वाजवली. आत प्रसाद, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याची बायको नेहा, नववा महिना लागलेला, आणि प्रसादची आई. काकू फलटणच्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणाला आलेल्या. तापत नव्हती ती त्यांचीच खोली, आणि बाळ आल्यावर बाळंतिणीचीही तीच होणार होती. काकूंनी चिवडा केला होता, घरभर फोडणीचा वास, त्यांनी टोर्स्टनला बशी भरून दिला आणि तो घाम पुसत खात बसला. मी हीटर बघितला, बिघाड काही दिसेना, तरी नॉबचं डोकं नवीन बसवलं. निघेपर्यंत हीटर कडकडीत तापला. मी खुशीत.

चार दिवसांनी परत तक्रार. टोर्स्टन एकटा गेला, म्हणाला, गरम तर आहे. तो बाहेर पडला आणि संध्याकाळी खोली पुन्हा गार. प्रसादनं विजेवर चालणारे दोन हीटर आणून लावले, ते फुर्रर्र करत दिवसभर चालायचे आणि विजेचा मीटर त्यांच्यापेक्षा जोरात. घरमालकाचा माणूस म्हणाला, दोनदा तज्ज्ञ येऊन गेले, हीटर चांगला आहे, तुम्हालाच थंडी सोसत नाही. काकूंना खोकला लागला. काय सांगू तुम्हाला, प्रसादनं त्यांचं परतीचं तिकीट अलीकडं आणलं, येत्या रविवारचं. त्या घरात ओरडाआरडा नाही की भांडण नाही, सगळे एकमेकांना जपून बोलत होते, आणि तेच जास्त वाईट. ज्या नातवंडासाठी बाई एवढ्या लांब आली, ते यायच्या आत ती परत चालली होती.

इकडं लेमान मला म्हणाले, डोकं तू बसवलंयस, तिसऱ्यांदा जा, एकटा जा, आणि कारण लिहूनच ये. कारण सापडलं नाही असा कागद आणलास तर आपण दोघं बसून बोलू. ते चांगले आहेत, पण बसून बोलू म्हणजे काय, ते पाचव्या महिन्यातल्या माणसाला कळतं. रात्री वैशालीला सांगितलं नाही, तिला डबल ड्यूटी होती.

गुरुवारी सकाळी गेलो. प्रसाद कामावर, नेहा तपासणीला गेलेली, काकू एकट्याच. बेल वाजवली तर दार उघडायला बराच वेळ लागला. खोलीत गेलो, हीटर गार. नॉब तीनावर, पाइप गरम, पण हीटर गार, म्हणजे डोक्यानंच पाणी अडवून धरलेलं. मी गुडघ्यावर बसलो, आणि बसल्या बसल्या मला एक वास आला.

आता बघा, टोर्स्टन तीस वर्षं हे काम करतोय, त्याला गॅसचा, गंजाचा, जळक्या वायरचा, सगळे वास कळतात. पण हा वास त्याला कळला नसता. विझलेल्या वातीचा वास होता तो. तेलाची वात शांत केली की जो येतो ना, तोच. माझी आई संध्याकाळी देवापुढं बसायची, तो वास माझ्या नाकात आहे. मी मान वळवली तर हीटरला अगदी चिकटून, बरोबर नॉबच्या खाली, चौरंगावर छोटं देवघर. आणि पांढऱ्या नॉबच्या खालच्या अंगाला बोटभर काजळी.

मी म्हटलं, काकू, दिवा आत्ताच शांत केलात का?

त्या एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस रे. मग सगळं सांगितलं. नेहाला दिवस गेले तेव्हाच त्या बोलल्या होत्या की बाळ सुखरूप येईपर्यंत नंदादीप लावीन. देवघर ईशान्य कोपऱ्यातच हवं, आणि ईशान्येला नेमका हीटर. लाकडी जमीन, भाड्याचं घर, पेटता दिवा बघून घरमालक काय म्हणेल या भीतीनं, बेल वाजली की त्या याच ज्योतीवर दुसरी वात लावून ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवायच्या, म्हणजे नंदादीप मोडायला नको, आणि इथला दिवा शांत करायच्या. म्हणजे आम्ही येणार तेव्हा दिवा नाही. आम्ही बघणार, ठोकणार, तोवर नॉब थंड होऊन हीटर गरम. आम्ही गेलो की दिवा पुन्हा जागेवर.

मला आधी हसूच फुटलं. पण काकूंना पटायला हवं होतं, म्हणून म्हटलं, दिवा आणा. त्यांनी आणून ठेवला, चहा केला, आम्ही दोघं स्टुलावर बसलो. हीटर एव्हाना छान तापला होता. मी त्यांना सांगितलं, काकू, या डोक्यात मेणासारखं असतं, ते गरम झालं की फुगतं आणि पाण्याची वाट बंद करतं. त्याला दिव्याची ऊब लागते, त्याला वाटतं खोली तापली. अर्धा तास आम्ही फलटणच्या गप्पा मारल्या. मग त्यांना म्हटलं, आता हात लावा. त्यांनी हात लावला. गार.

काकूंनी हात मागं घेतला, दिव्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, म्हणजे माझ्या दिव्यानंच. पोरगा इतके दिवस ते विजेचे हीटर चालवतोय, सून स्वेटरवर स्वेटर घालतेय, ते माझ्यामुळं. सुनील, प्रसादला नको सांगूस. त्याला वाईट वाटेल ते वाटेल, पण मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली. माझ्या मांडीवर फर्मचा कागद होता. कारण लिहावं तर काकूंची अब्रू, न लिहावं तर माझी नोकरी. खोटं सांगत नाही, मिनिटभर मी माझ्याच नोकरीचा विचार केला, वैशाली आणि मुलगा डोळ्यांपुढं आले. पण त्यांना ते नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, काकू, रविवारी तुम्ही जाल. तुमच्या मागं नेहाताई हा दिवा बंद करणार नाहीत, तुमचं बोलणं आहे म्हणून तेवत ठेवतील. आणि बाळ याच खोलीत झोपणार.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"लिही तू," त्या म्हणाल्या. "प्रसादला मीच सांगते. आणि ते देवघर उचल, तिकडं कपाटाजवळ ठेव."

मी म्हटलं, काकू, ती तर नैर्ऋत्य.

"असू दे. देव कुठंही बसेल. माझं बाळ गारठायला नको."

देवघर मीच उचललं, हात धुऊन, बूट काढून. दिवा काकूंनी नेला. पंधरा मिनिटांत हीटर टकटक वाजत तापला, आणि त्या दोन्ही तळवे टेकवून उभ्या राहिल्या. कागदावर मी लिहिलं, नॉबच्या डोक्याखाली उष्णता देणारी वस्तू होती, हलवली, हीटर चालू. कुणी ठेवली ते कागदानं विचारलं नव्हतं.

प्रसाद संध्याकाळी आला तेव्हाचं मला काकूंनी नंतर सांगितलं. हा प्रसाद कारखान्यात काय बनवतो माहीत आहे? तापमान मोजणारे सेन्सर. सगळं ऐकून तो जमिनीवर बसला, नॉबकडं बघितलं, देवघराकडं बघितलं, आणि म्हणाला, आई, मी रोज सकाळी या दिव्याला नमस्कार करून कामावर जातो गं. मग तो असा हसायला लागला की नेहा पोट धरून म्हणाली, मला हसवू नका, आजच होईल. रविवारचं तिकीट रद्द केलं. त्यात थोडे पैसे गेले, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

लेमानांनी कागद वाचला आणि विचारलं, कसली वस्तू. मी खरं खरं सांगितलं, दिवा, नवस, ईशान्य, सगळं, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. नवसाला जर्मन शब्द सापडेना, तेव्हा म्हटलं, त्या बाईनं देवाशी करार केलाय. करार म्हटल्यावर जर्मन माणसाला लगेच कळलं. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, नू. सहावा महिना संपला तेव्हा मला कायम केलं, आणि आता कुठल्याही भारतीय घरातली तक्रार आली की टोर्स्टनच म्हणतो, सुनीलला पाठवा, त्याचं नाक चांगलं आहे.

बाळ फेब्रुवारीत झालं, मुलगी. बारशाला आम्ही सगळे होतो, टोर्स्टनसुद्धा, खास चिवड्यासाठी. काकू मार्चमध्ये गेल्या, व्हिसा संपायला दोन दिवस असताना. ती पोरगी आता घरभर रांगते, हीटरला धरून उभी राहते आणि नॉब फिरवते, थेट पाचावर.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. घरी वैशालीला उकडतं म्हणून नॉब दोनावर असतो आणि हीटरवाला कानटोपी घालून जेवतो. इकडं थंडी पडली की काकूंचा फलटणहून फोन येतो. पहिलं विचारतात, सगळ्यांचे हीटर चालू झाले का रे? मी म्हणतो, झाले. मग म्हणतात, तुमच्या घरासाठी मी इथं रोज एक वात जास्त लावते हो, सुखात राहा, उबेत राहा. कुठं लावता विचारलं, तर म्हणाल्या, ईशान्येलाच. इथं तो कोपरा मोकळा आहे.