पिवळी रेघ

...नुसतं ऑइल बदला आणि धुऊन द्या — हे कुणी शिकवलं हो तुम्हाला? ब्रोकरनं? मग बरोबर. मकरंदराव, तुमचं ऑइल मी केव्हाच काढलं, ते बघा ट्रेमध्ये — बोट घाला, घाला, चावत नाही — ऑइल आहे हे? तव्याखालची काजळी आहे. आणि म्हणे सगळी सर्व्हिस झालेली आहे! कुठे झाली? कागद कुठंय? नाही ना? पुस्तक मागितलंत तेव्हा काय म्हणाला तो — ‘अण्णा, डॉक्टरची गाडी, सिंगल ओनर’ — आणि तुम्ही मान डोलावलीत. या चेन्नईत विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. एवढे डॉक्टर खरंच असते तर सरकारी दवाखान्यात रांगा कशाला लागल्या असत्या? आणि स्वतः नोकरीला कुठे — ओरगडमला! गाड्यांच्या कारखान्यात! दिवसभर नव्याकोऱ्या गाड्यांना दरवाजे बसवता आणि स्वतःची घेताना बॉनेट उघडून बघत नाही. दरवाजे मात्र बघितलेत म्हणे. छान लागतात म्हणालात. लागतात हो, दरवाजे छानच लागतात. दारांवर तंजावरपर्यंत जाणार आहात का?

देवळात मात्र नेलीत. नाही कसं? हे बघा, मागच्या चाकाच्या वर लिंबाची साल अजून चिकटलीय. चार चाकांखाली चार लिंबं, काचेवर चंदन, कुंकू, सगळं व्यवस्थित. इथली पद्धत आहे, करावं, मीही करतो — पण लिंबं चिरडायच्या आधी खाली वाकून एकदा गाडीच्या पोटाकडे बघायला काय हरकत होती? पुजाऱ्यानं कापूर ओवाळला, तुम्ही फोटो काढला. फोटो पाठवला असेल नाशिकला आईला. आणि आता उद्या पहाटे निघणार — बायकोला घेऊन — कितवा महिना म्हणालात? सातवा. सातव्या महिन्यातल्या बाईला या गाडीत बसवून सहा-सात तास हायवेनं माहेरी तंजावरला डोहाळजेवणाला नेणार, कारण ब्रोकर म्हणाला गाडी मस्त आहे. हरिणीबाईंच्या आईला ठाऊक आहे का जावई काय घेऊन येतोय ते?

नाही, रागावू नका. रागावलात तरी चालेल, पण ऐका. ज्या गाडीचा आगापिछा ठाऊक नाही तिचं एकच — काहीच झालेलं नाही असं धरायचं. कुणी काही म्हणो. ऑइल, फिल्टर, ब्रेकचं ऑइल, कूलंट, सगळं काढायचं, नवं भरायचं, आणि त्या दिवसापासून तुमचं गणित सुरू. हे कूलंट बघा — गंजाचा चहा झालाय. बोअरचं पाणी ओतलंय कुणीतरी, या भागातलं मचूळ पाणी, रेडिएटर आतून खातं ते. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघितलात? अगदी शेवटपर्यंत? चिखलाची ओळ दिसली तर समजायचं गाडी पुरात बुडालेली. मी बघितली. नाहीये. नशीब तुमचं, अक्कल नव्हे. आणि आतले सगळे स्टिकर बघा कसे डिझेलनं पुसून काढलेत — कुठल्या गॅरेजला काय झालं, किती किलोमीटरला झालं, काही राहू द्यायचं नाही. पहिल्या मालकाचा नुसता वास उरलाय आत. विभूतीचा. डॉक्टर म्हणे!

खाली वाका. वाका हो, पँटचं काही होत नाही. सम्पचा, ऑइलच्या तळभांड्याचा, बोल्ट दिसतो? त्यावरची पिवळी रेघ? ती मी आत्ता ओढली. इथे जवळच, आवडी गावाला, रणगाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं होतो मी, खडकीहून बदली होऊन आलो तो इथलाच झालो. तिथला नियम — ज्यानं बोल्ट टॉर्क पान्यानं आवळला त्यानंच रेघ ओढायची. बोल्टवर अर्धी, लोखंडावर अर्धी. ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. आणि प्रत्येकाचा रंग वेगळा, माझा पिवळा. म्हणजे उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं. रिटायर झालो, अंबत्तूरला हे शेड टाकलं, पण डबी तीच, ब्रश तसाच. या गल्लीत विचारा कुणालाही — रत्नाकरची रेघ असली की आत बघायचं कारण नाही. आजवर खोटी ठरलेली नाही. एकदाही नाही. तुमच्या कारखान्यात आता कॅमेरे करतात म्हणे हे काम. करू देत.

चहा घेणार? मागवावा लागेल कोपऱ्यावरून. बायको, नीलम, होती तेव्हा घरून थर्मास यायचा, आल्याचा, एक अकरा वाजता आणि एक चार वाजता. आता — असो. धरा, हा टॉर्च धरा. टायमिंग बेल्ट बघू. बेल्टचं ब्रोकर काय म्हणाला? ‘बेल्ट ओके.’ वा! बेल्ट तुटला तर काय होतं ठाऊक आहे ना — निदान कारखान्यात कानावरून गेलं असेल — इंजिन जागच्या जागी बंद. नव्वदच्या वेगानं जात असाल, मागे ट्रक असेल, आणि गाडी मेली. म्हणून विचारतो. बेल्ट आहे माझ्याकडे, या मॉडेलचाच, त्या फळीवर लाल खोका दिसतो ना, धूळ बसलेला — चार वर्षं पडलाय. कुणाच्या गाडीसाठी आणला होता देव जाणे. लोकांचं असंच, आज आणा म्हणतात, उद्या फिरकत नाहीत. शब्दाची किंमतच नाही कुणाला.

हं. वरचं झाकण निघालं. टॉर्च खाली. अजून खाली — अरे, अरे, अरे. हे बघा. दिसतं? चिरा. आणि इथे दातच गेलाय एक. अहो, हा बेल्ट नाही, ही सुतळी आहे! तंजावर सोडा, तांबरम ओलांडलं नसतंत तुम्ही. आणि मजा बघा, झाकण मधे एकदा उघडलेलं आहे, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे आहेत. म्हणजे कुण्या शहाण्यानं उघडलं, हे आत बघितलं, आणि तसंच परत लावलं! याला मेकॅनिक म्हणायचं? असल्या माणसाच्या हातात पाना देऊ नये, भाजीवाल्याचा तराजूसुद्धा देऊ नये. कुणीतरी विश्वासानं गाडी सोडून गेलं असेल याच्याकडे, बायकापोरं बसत असतील त्यात, आणि हा — कापड द्या. ते नाही, कोरडं. बोल्टवर काय आहे बघू. माती आहे. ग्रीस आहे. खाली —

टॉर्च हलवू नका.

नाही, काही नाही. सापडलं काही नाही. थांबा जरा. हा दुसरा बोल्ट द्या इकडे. आणि तिसरा.

अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी झाकणावर. बरोबर आहे. आत, बेल्ट ताणून धरतो त्या टेन्शनरच्या बोल्टवर नाहीये. आतली आधी ओढायची असते, मग झाकण, मग बाहेरची. आत कोरं आहे. कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

पिवळा कुणीही वापरू शकतो. वापरतो की. बाजारात डबीभर मिळतो... नाही हो. अशी शेवटी खाली वळवलेली माझ्याशिवाय नाही ओढत कुणी.

विभूतीचा वास म्हणालो ना मघाशी. वेस्ट मांबलमचे मास्तर होते एक, नारायणस्वामी. तंजावरचे मराठी. बायको कनकाबाई. त्यांचं मराठी ऐकून मी हसायचो आणि माझं ऐकून ते, पण गाडी घेऊन इतक्या लांब माझ्याकडेच यायचे, ‘आपलो माणूस’ म्हणून. मांबलममध्ये काय गॅरेजं नव्हती? गाडी नेताना कधी बॉनेट उघडून बघितलं नाही. मी म्हणायचो बघा, तर म्हणायचे, तुमची रेघ हाय ना. पांढरी गाडी, ही अशीच. पांढऱ्या शंभर येतात, नंबर कोण लक्षात ठेवतो. त्या दिवशी झाकण उघडलं होतं, बेल्ट आणून बाजूला ठेवला होता, आणि दवाखान्यातून फोन आला — नीलमला आत घेतलंय, लगेच या. मी हात धुतले. नाही — आधी झाकण लावलं. मास्तर संध्याकाळी येणार होते, उघडी गाडी कशी ठेवायची म्हणून. लावलं, आणि हाताला सवय, रेघा ओढल्या. नंतर पंधरा दिवस गॅरेजचं तोंड बघितलं नाही मी. आलो तेव्हा गाडी गेलेली होती आणि नीलमही. फळीवरचा खोका बघून मला वाटलं, कुणीतरी मागवून नेला नाही.

या बेल्टवर म्हातारा-म्हातारी फिरत होते हो. कुंभकोणमला, तंजावरला, लग्नांना, कार्यांना. माझ्या रेघेच्या भरवशावर.

काय बघता? टॉर्च विझवा. नाही, उद्या जायचं नाही. फोन करा तंजावरला, रेल्वेनं येतो म्हणून सांगा, नाहीतर कार्य पुढे ढकला, काय सांगायचं ते सांगा, मी गाडी देत नाही. तो खोका नाही लावणार, चार वर्षांचं रबर, नवा आणतो. परवा संध्याकाळी या. आणि आलात की आधी झाकण उघडायला लावा. मी नको म्हणालो तरी लावा, ओरडलो तरी लावा. रेघ बघू नका. आत बघा.

चावी ठेवा तिथे. निघा आता.