कानानं सांगितलेली हवा

आमचं मूळ मेढ्याकडचं, डोंगरातलं. तिकडं भात, नाचणी आन् पोरगं अठराचं झालं की फौज. आमचे वडील, आबा, फौजेत मोठी गाडी चालवायचे. मला मात्र छाती दोन बोटं कमी भरली म्हणून घेतलं न्हाई, मग कराडला येऊन पंक्चरच्या दुकानात लागलो आन् पुढं साखर कारखान्याच्या वाटेवर स्वतःचं हवेचं दुकान टाकलं. लोकांला वाटतं हवा भरायला काय अक्कल लागती. लागती. रिकामी ट्रॉली येगळी, भरलेली येगळी. ओझं वाढलं की हवा वाढवायची, आन् टायर गार असताना मोजायची, कारण चालून तापलेला टायर जास्ती आकडा दावतो आन् माणसाला फसवतो. आबा सुट्टीवर आले की बजावायचे, मीटर लावल्याबिगर गाडी हालली न्हाई पायजे. मी व्हय म्हणायचो.

आता माझी कला सांगतो, काय सांगू तुमाला. मी टायरवर लोखंडी टॉमी, म्हणजे टायर उचकटायची सळई, हाणायचो, डोळं मिटायचो, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा कान टायरला लावायचो, समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात धरून थांबायची, मग मी म्हणायचो, ह्यो रडतोय, बत्तीस हाय. मग मीटर लावायचा, आन् मीटर बी बत्तीसच. माणसं खूश. टपरीवाली आक्का म्हणायची, आवं बापू, आमच्या मालकाच्या पोटावर बी एकदा हाणून बघा, किती भरलंय ते. मी म्हणायचो, आक्का, त्याला वरनं हवा सोडायला लागंल. लय हासायची सगळी.

लिवा तुमी, आज खरंच सांगतो. मीटर लावणारा मीच आन् वाचणारा बी मीच, काचंवर माझाच अंगठा, दुसऱ्या कुणाला आकडा दिसायचाच न्हाई. टायर वाजवला की भरलेला का बसलेला एवढंच कळतंय, मधलं कायबी कळत न्हाई. पर आकडा आधीच तोंडातनं गेलेला असायचा, मग मीटरनं काय करावं बिचाऱ्यानं. आन् एवढ्या वर्षांत मलाच खरं वाटाय लागलं होतं की माझ्या कानात कायतरी हाय.

माझी धाकटी बहीण पारू, तिला इकडंच इस्लामपूरच्या बाजूला दिली. तिचे मालक म्हणजे आमचे दाजी, ऊस वाहायचा धंदा, एक ट्रॅक्टर आन् मागं दोन ट्रॉल्या. वयानं माझ्यापेक्षा बारके, पर बहिणीचा नवरा, मी कवा त्यांला अरे म्हणलो न्हाई. ते बी मला पावणं म्हणायचे. एक दिवस त्यांनी पाणी दिलेल्या मऊ रानातनं ऊस काढला होता. तशा रानात चाकं रुतू नयेत म्हणून ट्रॉलीच्या टायरची हवा कमी करत्यात, समदीच करत्यात, आन् डांबरीला लागलं की परत भरत्यात. दाजी दुपारी दोन्ही ट्रॉल्या शिगोशीग भरून माझ्या दारात आले. मी भराभरा पाइप लावत गेलो. आठ टायर. मागच्या ट्रॉलीच्या शेवटच्या टायरला आलो तवा टपरीवर गर्दी झालेली आन् कुणीतरी म्हणलं, बापू, आज कान बंद हाय का.

झालं. पाइप अर्ध्यातनंच काढून बाजूला टाकला आन् टॉमी घेतली. दाजी म्हणले, पावणं, मीटर लावा की. मी म्हणलो, दाजी, कान असताना मीटर कशाला. ते परत हळूच म्हणले, पावणं, ओझं लय हाय, लावा मीटर. मी डोळं मिटले, कान लावला आन् म्हणलो, भरलाय, जावा बिनघोर. त्या दिवशी मीटर लावल्याचं नाटक बी केलं न्हाई. दाजी जरा थांबले, माझ्याकडं बघितलं, टपरीकडं बघितलं आन् ट्रॅक्टरवर चढले.

कालव्याच्या वळणावर तो टायर फुटला. अर्धवट हवेचा टायर ओझ्याखाली चेंबून तापतो आन् फुटतो, हे मीच दुसऱ्यांला शिकवायचो. मागची ट्रॉली कलांडली, तिनं पुढची ओढली, दाजी उडी मारायला गेले आन् उजवा पाय उसाच्या मोळ्यांखाली सापडला.

दवाखान्यात जो भेटायला येईल त्याला दाजी सांगायचे, हवा पावण्यानं बघितली होती, हवा चोख होती, ऊस मीच जादा भरला. मी शेजारी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होतो. पारू माझ्याकडं बघून म्हणली, दादा, तू हातानं बघून दिलंवतंस म्हणून तेवढं तरी निभावलं. मी मोसंबीच्या बिया काढत बसलो. आठ महिनं खरं काय ते सांगितलं न्हाई. टपरीवर कुणी म्हणलं, बापू, वाजवा की एकदा, तर मी टॉमी उचलून दुकानात आत टाकायचो.

शेवटी एक दिवस त्यांच्या घरी गेलो आन् दोघांच्या समोर सगळं वकलो. टॉमी, अंगठा, खोटं आकडे, तो टायर. पारू चुलीपासनं हालली न्हाई. दाजी म्हणले, ठावं होतं मला. तुमचा अंगठा मी लय वर्षं बघतोय. मी म्हणलो, मग थांबवलं का न्हाई मला. ते म्हणले, दोनदा म्हणलो की पावणं. तिसऱ्यांदा म्हणलो असतो तर चार माणसांत तुमची लाज गेली असती. बायकोच्या भावाची लाज कशी घालवायची.

माझी लाज राखायला त्या माणसानं पाय दिला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आता दाजी काठीवर चालत्यात, घरची जनावरं बघत्यात. ट्रॅक्टर पारू चालवती. व्हय, चांगला चालवती, दोन ट्रॉल्या मागं घेऊन. दुसऱ्या दुकानात जाईल असं वाटलं होतं, पर माझ्याच दारात येती. खाली उतरती आन् म्हणती, दादा, सरक. मी पाइप धरून उभा ऱ्हातो. आठी टायरांजवळ ती वाकती, मीटर स्वतः लावती, स्वतः वाचती आन् आकडा मोठ्यानं म्हणती, टपरीला ऐकू जाईल असा. मी मान खाली घालतो आन् म्हणतो, सावकाश जा गं. ती व्हय म्हणती, कधी म्हणत बी न्हाई. जाऊ दे. तिची आठी चाकं अशीच फिरती ऱ्हावीत.